रेषेबाहेर गेलेला रंग

होळीला नात हिंगोलीला आली होती. माझी चित्रांची वही चाळता चाळता म्हणाली, "आबा, तुमची सगळी चित्रं फळ्यावर काढल्यासारखी वाटतात!"

राग आला, पण पोरगी खोटं बोलत नव्हती. तरुणपणी मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिलेल्या. शाळेत मराठी शिकवायचो, पण चित्रकलेचा तासही बहुधा माझ्याच गळ्यात पडायचा. रेष सरळ हवी, रंग रेषेच्या आत हवा, हेच शिकलो आणि तेच शिकवलं.

उपायही तिनेच सांगितला. तीस दिवस, रोज एक चित्र. ड्वेन कायझर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने २००४ मध्ये रोज एक पोस्टकार्डाएवढं तैलचित्र करायला सुरुवात केली होती म्हणे. मला मात्र धीर आला तो होकुसाईमुळे. हा जपानी चित्रकार १८४२-४३ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, रोज सकाळी एक सिंह काढायचा. मग मी तर अजून सत्तरीतच आहे!

नियम ठरवले. कागद पोस्टकार्डाएवढा, वेळ अर्धा तास, कुंचला जाड. खोडरबर कपाटात. आणि चित्र कितीही बिघडलं तरी फाडायचं नाही.

पहिले दहा दिवस काही फरक नाही. तांब्या, कंदील, जास्वंद... सगळे परीक्षेला बसल्यासारखे ताठ! अकराव्या दिवशी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो. शिजवलेली हळद वाळत घातली होती. मी सवयीने पिवळा रंग कालवला आणि थांबलो. समोरची हळद पिवळी नव्हतीच! वरून मळकट, तपकिरी. पिवळेपणा आत, कांडी मोडल्यावर दिसणारा. इतकी वर्षं या भागात राहून मी हळद पाहिलीच नव्हती, नुसती ठाऊक होती. अर्धा तास संपत आला होता. भराभर फटकारे मारले, रंग रेषेबाहेर गेला, आणि पहिल्यांदाच चित्र जिवंत वाटलं.

काही जण म्हणतील, रोजचा रतीब घालणं ही काय कला? नागपुरात जन्मलेले थोर चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. खरं आहे. पण त्यांचा हात आधीच मोकळा झालेला होता. माझ्यासारख्याला एकच चित्र काढायचं म्हटलं की ती परीक्षा होते. उद्या दुसरं काढायचं आहे म्हटल्यावर आजचं चुकायला भीती वाटत नाही. हात सैल होतो तो निष्काळजीपणाने नव्हे, भीती गेल्याने.

इथेच एक जुनी गोष्ट टोचते. वर्गातल्या एका मुलाने झाड निळं रंगवलं होतं, रंगही रेषेबाहेर गेलेला. मी लाल शाईने गोल करून दिला. पुन्हा तो वही दाखवायला माझ्याकडे आलाच नाही. त्याने संध्याकाळचं झाड पाहिलं असेल का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

तीस चित्रांपैकी चारच बरी आहेत. पण शिक्षकांना एक सांगावंसं वाटतं. मुलांना रोज एक छोटा कागद द्या आणि त्याला गुण देऊ नका. लाल पेन माझ्या खोडरबराशेजारी कपाटात ठेवा.