पेटीला कोण बसणार?

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या नांदेड-लातूरकडे दोन गोष्टींचे वेध लागतात. शाळांना स्नेहसंमेलनाचे आणि गावकऱ्यांना माळेगावच्या यात्रेचे. स्नेहसंमेलनात नाच असतो, तसाच यात्रेतही असतो. पण अलीकडे अशा नाचांमधून पेटी वाजवणारा माणूस हळूहळू उठून चालला आहे. त्याच्या आसनावर आधीच मुद्रित केलेले गाणे येऊन बसले आहे. 'ट्रॅक' म्हणतात त्याला. मोठी सोय झाली, असे सगळे म्हणतात. मला ही सोय मान्य नाही. नाचणाऱ्याकडे पाहून वाजवणारा माणूस ही नाचाची गरज आहे, चैन नव्हे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

बैठकीची लावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतली जाते, आणि दर खेपेला तिचा अर्थ पालटतो. एकदा रुसवा, एकदा थट्टा, एकदा नुसती नजर. हीच अदाकारी. ओळ किती वेळा घ्यावयाची हे घरून ठरवून आणलेले नसते. बैठकीचा रंग पाहून ते जागेवर ठरते. पेटीवाल्याचे कान तिच्या गळ्याकडे आणि डोळे तिच्या हातांकडे असतात. ती थांबली की तो सूर धरून ठेवतो. मार्गशीर्षाच्या थंडीत तिचा गळा बसला, तर तो पट्टी खाली घेतो आणि श्रोत्यांना पत्ताही लागू देत नाही. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची कीर्ती या अदाकारीवर उभी होती. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता ही अदाकारी ट्रॅकवर करून दाखवा! ओळ दोनदा मुद्रित असेल तर दोनदाच मिळणार. तिसरी नजर टाकावयाची तर गाणे पुढे निघून गेलेले असते. मग नाचणारीने करावे काय? गाण्याच्या मागे धावावे. त्या धावण्याला आज लावणी म्हणतात.

लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाच्या यात्रेत नांदेड जिल्हा परिषद लावणी महोत्सव भरवते. सरकारी पैशाने जिथे लावणीचा सन्मान होतो, तिथे तरी पेटी, तबला आणि ढोलकी माणसांच्याच हातांत असली पाहिजेत, असा आग्रह प्रेक्षकांनी धरावयास हवा.

लावणीचे असो, शाळेचे काय? मी शाळेत शिकवतो, म्हणून हे अधिक टोचते. एका शाळेच्या संमेलनात तिसरीच्या मुलींचे कोळीनृत्य होते. एका मुलीची टोपली पडली. ती उचलीपर्यंत गाणे पुढच्या कडव्यावर गेले. पोर भांबावून शेवटपर्यंत उभीच राहिली, आणि टाळ्या इतरांना मिळाल्या. पुढे एका खेड्यातल्या शाळेत असाच गोंधळ झाला, पण तिथे पेटीवर भजनी मंडळातले एक काका बसले होते. त्यांनी मान वर करून पाहिले आणि धृपद पुन्हा वाजवावयास घेतले. मुलगी रांगेत आली तेव्हा ते पुढे सरकले. चूक झाली होती हे पालकांच्या ध्यानातही आले नाही. चुकलेल्या मुलासाठी थांबणे हे तर मास्तराचे काम! ते करणारा माणूस आपण मंचावरून खाली उतरवतो आणि वर त्याला प्रगती म्हणतो.

कोणी विचारील, पेटी तरी कुठे आपली? विचार बरोबर आहे. हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने घेतले. पायाने भाता मारण्याचे ते वाद्य मांडी घालून वाजवता येईल असे केले ते कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांनी. तिला मींड येत नाही, तिचे सूर ठोकळेबाज, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केले. ते किलकिले व्हावयास १९७१ साल उजाडले. तरीही ती टिकली, कारण भात्यावर एक हात आणि पट्ट्यांवर दुसरा हात माणसाचाच होता. म्हणून मी यंत्राचा शत्रू नाही. विजेचा की-बोर्ड आणा, खुशाल आणा. फक्त त्यातला आपोआप चालणारा ठेका लावून वाजवणाऱ्याने हाताची घडी घालू नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा. भाड्याने आणलेल्या कर्ण्यांच्या भिंतींना पैसा पुरतो, मग पेटीवाल्याच्या बिदागीलाच हात आखडता का? आणि माणसे मिळत नाहीत हे तर मुळीच खरे नाही. नांदेडला सचखंड हजूर साहिबच्या दरबारात शबद-कीर्तनाला पेटी वाजते. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत पेटी वाजते. वाजवणारे आहेत, त्यांना शाळेच्या मंचावर कोणी बोलावीत नाही, इतकेच.

लातूरने परीक्षेच्या गुणांसाठी 'लातूर पॅटर्न' उभा केला आणि साऱ्या महाराष्ट्राने तो पाहिला. ज्या जिल्ह्याला मुलांकडून इतकी तयारी करून घेता येते, त्याला संमेलनातला एक नाच पेटीवर बसवता येऊ नये? सगळे नाच नकोत, एकच पुरे. गावातल्या पेटीवाल्याला पंधरा दिवस आधी बोलवा, मुलांबरोबर तालीम करू द्या, आणि त्याची बिदागी त्याच्या हातात द्या.

पालकांनी आणखी एक करावे. संमेलनाच्या बैठकीत वेशभूषेच्या वर्गणीचा कागद पुढे आला की सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: पेटीला कोण बसणार?