शब्दांच्या याद्या विकणाऱ्यांनो, वाक्य कधी शिकवणार?

परभणीच्या अभ्यासिकांमध्ये सध्या एकच पीक जोमात आहे, 'हमखास येणारे हजार शब्द'ची झेरॉक्स. पोरं रात्र रात्र घोकतायत. अन् पेपरात रिकाम्या जागेचा प्रश्न आला की बसले डोकं खाजवत!

२०२३ च्या तलाठी भरतीचा पेपर आठवा. २०० गुणांत मराठी ५०, इंग्रजी ५०. अर्धा पेपर भाषेचा! खुल्या प्रवर्गाला फी हजार रुपये. सोयाबीन विकून बापानं भरलेली. अन् क्लासमध्ये भाषेच्या नावाखाली काय? पाठांतर.

हे बघा : 'पाऊस धो धो झाला, तरी येलदरी धरण ____ राहिलं.' पर्याय : तुडुंब, काठोकाठ, भरगच्च, रितं. घोकंपट्टीवाला 'पाऊस' बघतो अन् तुडुंब ठोकतो. 'तरी' त्यानं वाचलंच नाही. सगळं उत्तर त्या दोन अक्षरांत आहे! आधी पर्याय हातानं झाका. वाक्य पूर्ण वाचा, तिथं आपला शब्द मनात घाला, मग त्याच्या जवळचा पर्याय शोधा. पण, म्हणून, कारण, जरी यांच्यावर नजर ठेवा. इंग्रजीतही तेच, 'ऑल्दो' दिसलं की वाक्य पलटी मारणार. (तीन पर्याय एकाच अर्थाचे असले तर चौथ्याकडं जरा जास्त बघा.)

एवढं शिकवायला एक तास पुरतो. पण एका तासाची फी किती लावणार? म्हणून याद्या.

क्लासवाल्या भावांनो, छापा याद्या, पण तो एक तास द्या. अन् पोरांनो, रोज पेपरातला एक अग्रलेख वाचा. अडलेल्या शब्दाचा आधी वाक्यावरून अंदाज बांधा, शब्दकोश त्यानंतर उघडा.