अरुंद खालच्या जबड्यावरील उपचारांसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, नाशिक

महोदय,

नाशिक जिल्ह्यातील रुग्ण-पालकांच्या संघटनेतर्फे हे निवेदन.

वरच्या जबड्याची मधली शिवण किशोरवयापर्यंत पुरती जुळलेली नसते. त्यामुळे स्क्रू बसवलेल्या प्लेटने तिथले हाड रुंदावते. खालच्या जबड्याचे दोन भाग मात्र मूल वर्षाचे होईतो हनुवटीपाशी सांधले जातात. पुढे प्लेटचा स्क्रू कितीही फिरवला तरी हाड फाकत नाही, दात तेवढे बाहेर कलतात. दातांची दाटी थोडी असेल तर प्लेट, तारा, दातांच्या कडा घासणे किंवा दात काढणे, एवढ्यावर भागते. हाडच अरुंद असताना दात बाहेर ढकलले, तर हिरडी उतरण्याची भीती असते.

अशा वेळी हनुवटीच्या मध्यरेषेवर हाड उभे कापून उपकरण बसवतात. कापलेले हाड सावकाश फाकवण्याचे, हातापायांच्या हाडांसाठी शल्यचिकित्सक इलिझारोव्ह यांनी रूढ केलेले हे तत्त्व १९९० मध्ये व्हेनेझुएलाच्या सेसार गेरेरो यांनी खालच्या जबड्याच्या रुंदीसाठी मांडले. शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस थांबून मग उपकरण रोज साधारण १ मिलिमीटर उघडतात : सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा. उपकरणाची चावी बहुधा घरचेच माणूस फिरवते आणि कॅलेंडरवर खूण करते. नवे हाड पक्के होईस्तोवर दोन-तीन महिने उपकरण तोंडातच राहते, पुढे तारा. सुरगाणा-पेठ तालुक्यांतल्या मजुराला या काळात रुग्णालयाच्या प्रत्येक फेरीला रोजंदारी बुडवून एसटी धरावी लागते.

ही शस्त्रक्रिया सरसकट सर्वांना नको. ज्यांना हवी, त्यांची अडवणूक नको. म्हणून :

१. उपचारापूर्वी दाटी दातांची की हाडाची, हे मोजून रुग्णाला मराठीत लेखी द्यावे. पर्याय, धोके, एकूण खर्चही लिहावा.

२. शस्त्रक्रिया, उपकरण व नंतरच्या तारा यांचा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एकत्रित, स्पष्ट उल्लेख असावा. घास चावता येणे हा सौंदर्याचा प्रश्न नाही.

३. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शाळा-तपासणीत दातांचा चावही पाहावा व गरजू मुलांना संदर्भचिठ्ठी द्यावी.

४. नाशिकच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस ऑर्थोडॉन्टिस्ट व मुखशल्यचिकित्सक एकत्र बसावेत. पंचवटीतील दंत महाविद्यालयाचे सहकार्य घ्यावे. लांबच्या रुग्णांना प्रवासभाडे मिळावे.

५. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. त्याने अशा रुग्णांची नोंदवही ठेवून, रुंदावलेला जबडा पाच वर्षांनी किती टिकला, हे जाहीर करावे.

याबाबत महिन्याभरात बैठक बोलवावी, ही विनंती.

आपले विनीत,
संघटनेचे सर्व सभासद, नाशिक