भ्रूणाला बिल्ला कुठे मारायचा?

गोठवलेल्या भ्रूणांच्या प्रत्यारोपणावर मागच्या अंकात लेख छापला आणि आळंदीच्या आमच्या कार्यालयात पत्रांचा ढीग पडला. बहुतेकांचा सवाल एकच : भ्रूण मिळतात कुठे आणि अनुदान किती? शिरूरकडच्या एका वर्गणीदाराने तर थेट सरकारी कचेरी गाठली. शंभर मेंढ्यांच्या गटासाठी अर्ज करायचा होता. त्यातल्या काही मेंढ्या बाजारातून आणण्यापेक्षा जातिवंत भ्रूण घेऊन घरच्या मेंढ्यांच्या पोटी वाढवू द्या, एवढेच त्याचे म्हणणे. बाबूंनी फॉर्म खालीवर केला आणि विचारले, "बिल्ला नंबर काय टाकू?" बारा आकडी बिल्ला कानात मारतात. उणे १९६ अंशांवर नायट्रोजनच्या कॅनमध्ये पडलेल्या भ्रूणाला अजून कान फुटायचे असतात. अर्ज आल्या पावली परत.

बाबूंनी नियमाबाहेर काही केले नाही. नियमच डोकी मोजतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि ५ नरांना १० लाखांपर्यंत अनुदान, ५०० आणि २५ ला ५० लाखांपर्यंत. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदान. त्या एका नराच्या आईला जुळी होत होती का, तीन महिन्यांचा असताना त्याचे वजन किती भरले, यावरून अनुदानात एक रुपयाचाही फरक पडत नाही. गायीचे तसे नाही. राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये आयव्हीएफने राहिलेल्या खात्रीच्या गाभामागे ५ हजार रुपये देतात. म्हणजे पैसा जनावराऐवजी निकालावर देता येतो, हे सरकारला ठाऊक आहे. मग मेंढीच्या वाट्याला निकाल कधी येणार?

पण उद्या समजा शासन निर्णय निघाला आणि भ्रूणालाही अनुदान मिळाले, तर गोठवणार कोणत्या मेंढीचे? इथे मात्र आपल्याच लोकांना चार शब्द सुनवावे लागतात.

माउलींची पालखी आळंदीहून निघून ज्या फलटणला मुक्कामाला जाते, तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९३ साली बोअर शेळीचे गोठवलेले भ्रूण आणून स्थानिक शेळ्यांच्या पोटी वाढवले. तिथूनच पुढे 'नारी सुवर्णा' मेंढी आली. पण मेंढीची ती मजल भ्रूणाच्या नळीवर मारलेली नाही. सुंदरबनातली जेमतेम दहा-पंधरा किलोची गारोळ मेंढी, तिच्यातला जुळ्यांचा 'फेकबी' जनुक आपल्या दख्खनी मेंढीत उतरवला, आणि अंगलोट परत यावी म्हणून पिढ्यानपिढ्या दख्खनीशी मागे संकर करत नेला. कोणत्या कोकरात जनुक उतरला हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने रक्त तपासून ठरवले. आणि या सगळ्याच्या मुळाशी होती ती नोंद : कोण कोणाचे, किती वजनाचे, किती जगली.

प्रत्यारोपण काय मागते, ते करणाऱ्यांना सांगायला नको. दाता मेंढीला स्पंज, एफएसएचची दिवसातून दोनदा उतरत्या मात्रेची सुई, सहाव्या दिवशी फ्लशिंग. गाय-म्हशीसारखे खालून काम होत नाही, कारण मेंढीच्या गर्भाशयमुखाच्या वळ्या नळी आत जाऊ देत नाहीत. पोट उघडावे लागते, नाही तर दुर्बीण लागते. दोन-तीनदा उघडले की आत चिकटते आणि दाता बाद होते. ग्राहक मेंढ्या एकाच दिवसाच्या माजावर आणायच्या त्या वेगळ्याच. आज वाघोलीच्या रानात आणि परवा घाटाखाली असलेल्या वाड्यावर हे जमायचे नाही. हे काम फार्मवरच्या निवडक केंद्रकळपाचे. तिथे भ्रूणांतून नर तयार व्हावेत आणि ते नर चालत्या कळपांत जावेत. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे रांजणी, महूद, पडेगाव अशी प्रक्षेत्रे आहेत. अनुदानाचा एक हिस्सा तिथे नोंदी ठेवलेल्या दख्खनी आणि माडग्याळ केंद्रकळपांवर आणि त्यांच्या गोठवलेल्या भ्रूणांच्या साठ्यावर खर्च करा, ही आमची मागणी आहे. पीपीआरच्या एका साथीत कळपच्या कळप साफ होतो. कॅनमधला साठा तेवढा शाबूत राहतो.

आता आपले. शनिवारी चाकणच्या बाजारात उभे राहून पाहा. टेम्पोतून सगळ्यांत आधी कोणते कोकरू उतरते? सगळ्यांत भरलेले. खाटीक त्याच्याच पाठीवर हात ठेवतो, कारण त्याला दर आहे. बकरी ईद जवळ आली की तर विचारूच नका. चार महिन्यांत जो सगळ्यांत जास्त वाढला तो कापायला जातो, आणि कोणी विचारले नाही म्हणून मागे राहिलेला रोडका पुढच्या हंगामात कळपाचा बाप होतो. हीसुद्धा निवडच आहे, उलट्या दिशेने चाललेली! अशा कळपातले भ्रूण गोठवून करायचे काय?

तेव्हा मंडळी, अनुदानाची वाट पाहत बसू नका. दिवाळीच्या आसपास विणाऱ्या मेंढ्यांपासून सुरुवात करा. एक वही आणि एक टांगता काटा, एवढ्यावर भागते. कोकराची आई, जन्मतारीख, एकटे की जुळे, जन्माचे वजन, तीन महिन्यांचे वजन. वाड्यावरच्या बायकांना प्रत्येक मेंढीची आजीसुद्धा तोंडपाठ असते, त्यांना विचारून लिहा. जुळ्यांतला, चांगल्या वजनाचा एक नर कळपासाठी राखा आणि दर चढला तरी विकू नका. दोन हंगाम झाले की शेजारच्या वाड्याशी नराची अदलाबदल करा, म्हणजे बापलेकीचा संकर टळेल.

वहीची पहिली पाने कार्तिकी वारीपर्यंत आमच्याकडे पाठवा. शंभर कळपांच्या नोंदी हाती आल्या की त्या घेऊन आम्ही पशुसंवर्धन खात्याच्या दारात उभे राहू. मग बिल्ला नंबर विचारणाऱ्याला आपण वही दाखवू.