सातबाऱ्यापुरते घर

जळगावात घराचा विषय निघाला की बहिणाबाईंची सुगरण आठवतेच. तिच्या खोप्याचे कौतुक करताना एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सुगरणीला झाड विकत घ्यावे लागत नाही. माणसाची निम्मी कमाई त्या झाडावरच, म्हणजे जागेवरच खर्ची पडते.

खानदेशातील नोकरदाराचे स्वप्न अजूनही बरेचसे ‘प्लॉट घेऊन बांधावे’ याच वळणाचे आहे. जळगावात पिंप्राळ्याकडे, धुळ्यात पांझरेपलीकडे देवपूर-वलवाडीकडे शहर वाढले ते याच वाटेने. कालचे कपाशीचे शेत बिनशेती होते, त्यावर चुन्याच्या रेघा पडतात आणि एका गुंठ्यात माणसाचे आयुष्य मावते. ही काळी माती कपाशीला जितकी मानवते तितकीच पायाला छळते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि भिंतीला तडा देते. म्हणून शहाणा माणूस पाया खोल नेतो. त्याआधी तीन प्रश्न विचारतो: जागा नक्की कोणाची? बिनशेतीचा हुकूम झाला आहे काय? पैसे घेणारा काम पुरे करील काय?

आमचे म्हणणे एवढेच आहे की, स्वतःच्या घरासाठी हे प्रश्न चोखपणे विचारणाऱ्या आपण शहराच्या घरांसाठी ते वेळेवर विचारले नाहीत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जळगाव नगरपालिकेने गरिबांसाठी अकरा हजारांहून अधिक घरकुले बांधण्याची योजना हाती घेतली. पुरी झाली ती सुमारे दीड हजार. बांधकाम जिथे सुरू झाले त्या जागा पालिकेच्या मालकीच्या नव्हत्या, बिनशेती परवानगी घेतलेली नव्हती, आणि ठेकेदाराला आगाऊ रकमा मात्र दिल्या गेल्या, असे आक्षेप पुढे आले. फेब्रुवारी २००६ मध्ये महापालिकेच्या आयुक्तांनीच फिर्याद दिली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. त्यांत माजी मंत्रीही होते. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले झाली. कायद्याचा भाग कायद्यावर सोडू. आम्हांला बोचते ते वेगळेच. एक साधा कारकून प्लॉट घेताना जी तीन कागदपत्रे मागतो, तीच मागण्याचे भान एका अख्ख्या शहराला राहिले नाही.

हा निकाल धुळ्यात लागावा यात एक योगायोग आहे. बरोबर दोनशे वर्षांपूर्वी, १८१९ मध्ये, कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे आपले ठाणे करावयाचे ठरविले. नव्या पेठेत वस्ती व्हावी म्हणून घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, आणि पक्की घरे बांधता यावीत म्हणून जुन्या रहिवाशांना व बाहेरून आलेल्यांना तगाईही दिली, अशी नोंद खानदेशच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. राज्यकर्त्याचा स्वार्थ त्यात होताच. त्याला बाजारपेठ हवी होती. पण आधी जागा, मग रस्ता, मग घर हा क्रम त्याने पाळला. सरळ, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत धुळेकर आजही पत्ता सांगतो. आजच्या उपनगरांत हा क्रम नेमका उलटा झाला आहे. घर आधी, रस्ता मागाहून, आणि गटार निवडणुकीच्या सुमारास.

कायदे झाले नाहीत असे नाही. मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जागा नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी अधिनियम आला. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या जागांपर्यंत वाढली. म्हणजे आधी विक्री, मग माफी. १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झालेल्या ‘रेरा’ने ग्राहकाला मोठा आधार दिला, तथापि पाचशे चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना त्यात नोंदणीची सक्ती नाही. मुंबईच्या टोलेजंग इमारतीला लागू पडणारा हा कायदा आमच्याकडच्या चार-सहा रो-हाऊसच्या ओळीला हात न लावताच पुढे जातो. लहान शहराचा ग्राहक लहान प्रकल्पातच घर घेतो, आणि संरक्षण संपते ते नेमके तिथेच.

यावर उपाय काय? सातबारा पाहावाच, पण तिथे थांबू नये. रेखांकनातील रस्ते व मोकळी जागा पालिकेच्या नावे झाली आहे काय, जलवाहिनी कोठपर्यंत आली आहे, हे खरेदीखतावर सही करण्याआधी विचारावे. शक्य तर कॉलनीतील दहा ग्राहकांनी मिळून, लेखी विचारावे. एकट्याच्या प्रश्नाला विक्रेता ‘होऊन जाईल’ असे उत्तर देतो. दहा जणांच्या अर्जाला निदान आवक क्रमांक तरी पडतो. घर खासगी असते ते उंबऱ्याच्या आत. उंबऱ्याबाहेरचे पहिले पाऊल सार्वजनिक असते. ते चिखलात पडणार असेल, तर आतल्या संगमरवराचे कौतुक पावसाळ्यापुरते तरी आवरावे.