गुरुमाउली म्हणणारा कवी

रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हटले की ‘फुलामुलांचा कवी’ एवढेच आपल्याला आठवते. पुढे पत्नी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ हाती आले की ते लहरी पती म्हणून भेटतात. त्यांची ख्रिस्तभक्तीची कविता मात्र ‘तो मिशनचा प्रचार’ या एका वाक्यात निकालात काढली जाते. हे मत मला साफ अमान्य आहे.

म्हणे, अभंग हे हिंदू श्रोता गळाला लावण्याचे आमिष होते. आमिष बाहेरून आणावे लागते. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी ब्राह्मण घरात जन्मलेल्या टिळकांना अभंग कुठून आणावा लागला नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते स्वतः सांगत. पूल ओलांडून आलेल्या माणसाच्या अंगाला त्या वाटेची माती लागणारच.

ही माती पाहायची तर त्यांनी ख्रिस्ताला मारलेली ‘गुरुमाउली’ ही हाक ऐकावी. ख्रिस्ती उपासनेत देवाला ‘पिता’ म्हणतात. टिळक येशूला आई म्हणतात, आणि त्याच शब्दात गुरूही म्हणतात. विठ्ठलाला विठाई केले, ज्ञानोबाला माउली म्हटले, त्या मराठी जिभेलाच हे सुचावे. हा शब्द कोणत्या मिशनच्या कचेरीत घडलेला नाही. रविवारी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर त्यांचे भजन सुरू होते, एखादी म्हातारी ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक न उघडताच डोळे मिटून गाते. तिच्या मुखी असते ते तिचे स्वतःचे मागणे. प्रचार असा कुणाच्या मुखी बसत नाही.

दुसरा आक्षेप पोटासाठी धर्म सोडल्याचा. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकांच्या वाट्याला आली ती बायको-मुलाची ताटातूट, नातलगांचा बहिष्कार. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तिथे जागा होती. पोटार्थी माणूस बांधलेला पगार असा सोडत नाही.

त्यांची सगळीच भक्तिकविता उत्तम आहे, असे मी म्हणणार नाही. उपासनेची गरज म्हणून, प्रसंग पाहून लिहिलेली पुष्कळ पदे सपाट आहेत. उपदेश पुढे जातो, कविता मागे राहते. पण ‘अभंगांजली’ या संग्रहात टिळक एकटे देवासमोर उभे राहतात तेव्हा भाषा साधी, जवळची, थोडी हट्टी होते. तिथे तो कवी दुय्यम नाही.

‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य त्यांनी ओवीत लिहायला घेतले. १९१९ साली ते गेले, तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या धर्मांतराने तिचा संसार मोडला होता, त्याच श्रद्धेचे काव्य या बाईने पुरे केले. याहून मोठी साक्ष मला ठाऊक नाही.

पाठ्यपुस्तके करणाऱ्यांना माझी विनंती आहे: फुलांच्या कवितेशेजारी ‘अभंगांजली’तला एक अभंग छापा. खाली कवीच्या धर्माची टीप नको. मुलांना तो आधी वाचू द्या.