युरोप आपल्याही डोळ्यांनी वाचला पाहिजे

राज्यशास्त्र, इतिहास किंवा समाजशास्त्र घेऊन बी. ए. झालेला आपल्या वस्तीतला मुलगा 'मला युरोपची संस्कृती, राजकारण आणि भाषा यांचा अभ्यास करायला परदेशी जायचे आहे' असे घरी सांगतो, तेव्हा पहिला प्रश्न येतो, 'त्याने नोकरी लागेल का?' हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही. ज्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढली गेली, त्या घराला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण उत्तर देण्यापूर्वी बाबासाहेब काय शिकले, हे एकदा नीट पाहावे.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. विषय अर्थशास्त्र. त्याचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतलेच. शिवाय इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. १९१६ साली जातींच्या उत्पत्तीवरचा निबंध या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात! पुढे लंडनचे शिक्षण चालू असतानाच त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले. आज ज्याला आंतरविद्याशाखीय अभ्यास म्हणतात, तो याहून वेगळा काय आहे? ज्या समाजव्यवस्थेशी लढायचे, ती एका विषयाच्या चौकटीत मावत नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

युरोपात आज असे शिक्षण रीतसर मिळते. 'युरोकल्चर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम याचे चांगले उदाहरण. ग्रोनिंगेन, ग्योटिंगेन, उप्साला, क्राकोव, ओलोमोत्स, स्ट्रासबर्ग अशा विद्यापीठांनी मिळून तो उभा केला. विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो. इतिहास, कायदा, धर्म, राजकारण हे सारे एकत्र अभ्यासतो.

पण युरोप शिकून आपल्याला काय मिळणार? एकच उदाहरण देतो. युरोपात रोमा नावाचा समाज शतकानुशतके गावकुसाबाहेर राहिला. त्यांच्या भाषेचे मूळ भारतात आहे. पाण्याला ते 'पानी'च म्हणतात, नाकाला 'नाक'च. चेक प्रजासत्ताकातील ओस्त्राव्हा शहरात रोमा मुलांना मंदबुद्धी मुलांच्या शाळांत घातले जात होते. त्यांपैकी १८ मुलांच्या वतीने लढाई स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली आणि २००७ साली हा भेदभाव असल्याचा निकाल लागला. हे वाचताना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या पोत्यावर बसविलेला आपला भीमराव कोणाला आठवणार नाही?

त्याच २००७ साली हंगेरीतील शायोकाझा गावात रोमा कार्यकर्त्यांनी शाळा काढली आणि तिला नाव दिले डॉ. आंबेडकरांचे. त्यांनी आपला महापुरुष शोधून काढला, आत्मसात केला. आपल्यापैकी किती जणांनी त्यांची भाषा, त्यांचा लढा, त्यांचे कायदे अभ्यासले?

युरोपच्या पंडितांनी दोनशे वर्षे भारत अभ्यासला, पण बहुतांशी संस्कृत पोथ्यांतून आणि ब्राह्मण शास्त्र्यांच्या मदतीने. त्यांचा 'भारत' त्यामुळेच पोथीतला राहिला. आता उलट दिशेने पाहण्याची वेळ आली आहे. चर्चची सत्ता कशी ढिली झाली, भूदास मुक्त कसे झाले, ज्यूंचा द्वेष गॅस चेंबरपर्यंत कसा पोहोचला, हे प्रश्न जातीचे चटके सोसलेल्या डोळ्यांनी वाचले, तर त्यांतून नवे काही निघेल.

वाट सोपी नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक संशोधन हे विषय वगळण्यात आले. म्हणजे दलित विद्यार्थ्याने परदेशी जाऊन जातीवर संशोधन करायचे, तर या शिष्यवृत्तीचे दार बंद! या निर्णयाला विरोध झालाच पाहिजे. पण तोवर हात बांधून बसायचे काय? युरोपियन संघाची 'इरॅस्मस मुंडुस' शिष्यवृत्ती २००४ पासून आहे. तिच्या नव्या योजनेत दरमहा १,४०० युरो मिळतात आणि शिक्षणशुल्क भरावे लागत नाही. अर्ज थेट अभ्यासक्रमाकडे करायचा असतो आणि बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात घेतले जातात.

तयारी मात्र पदवीच्या पहिल्या वर्षापासून हवी. फ्रेंच-जर्मनचे वर्ग मुंबई-पुण्यात भरतात. आपली मुले त्या बाकांवर दिसत नाहीत, कारण त्यांना तिथवर कोणी नेतच नाही. आमची सूचना साधी आहे. जयंतीच्या वर्गणीतील थोडा वाटा दरवर्षी वस्तीतल्या दोन मुलांच्या भाषावर्गाच्या फीसाठी बाजूला काढावा. विहारात शनिवार-रविवारी अर्ज आणि निबंध लिहून घेणारा एक जाणता माणूस बसवावा.

आणि नोकरीचे काय? भाषांतर, मानवी हक्कांचे काम, अध्यापन, पत्रकारिता ही क्षेत्रे आहेत. हमखास नोकरीचे वचन आम्ही देणार नाही. पण 'शिका' हा आदेश फक्त पोट भरण्यापुरता नव्हता, एवढे तरी आपण विसरू नये.